तू मागितलेलं नाव

चिरंजीव धाकट्यास,

आक्काचे उदंड आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत उत्तम आहे, कारण ती विचारायला हल्ली कोणी येत नाही. (लिहून घेते आहे नात. चुका तिच्या, टोमणे माझे.)

तू नगराध्यक्ष झालास आणि माझ्या नातवाच्या वृत्तसंस्थेवर खटला भरलास, तेव्हा ती काय आहे ते तरी ऐक. ती माझ्या शिलाई मशिनीवर सुरू झाली. मशिनीवर फळी, फळीवर संगणक आणि भोवती राजकारणाच्या बातम्या लिहिणारी तीन उपाशी पोरं. प्रत्येक बातमी आधी मला वाचून दाखवायची. मला अक्षर येत नाही, म्हणजे मला कळलं ते सगळ्यांना कळणार. आणि मला डुलकी लागली की बातमी रद्द. आता तीन मजले आहेत, चाळीस माणसं आहेत आणि एक काचेचं दार आहे, ज्यावर माझं कपाळ दोनदा आपटलं. मध्यंतरी एका माजी मंत्र्याला जिवंतपणीच श्रद्धांजली वाहून मोकळे झाले. (ती मला वाचून दाखवली नव्हती.) सत्तेतले म्हणतात हे विरोधकांना विकले गेले, विरोधक म्हणतात सत्तेतल्यांना. दोघांनी विकत घेतलं असतं तर नातवाच्या चपलेचा अंगठा तरी शाबूत असता.

मग तुझी बातमी आली, की शाळेची पाण्याची टाकी तुझ्या बंगल्यामागे उभी राहिली. तू निरोप धाडलास, हे कोणी फोडलं त्याचं नाव सांगा, खटला मागे घेतो. नाहीतर कार्यालयाला कुलूप. सोमवारी तारीख आहे. नातू म्हणतो, "विश्वासानं सांगणाऱ्याला उघडं पाडणार नाही." चहा पुढ्यात गार होतो, तरी नाव घेत नाही. तूही असाच होतास. शेजारच्यांची काच मी फोडली, मार तू खाल्लास, आणि माझं नाव काही घेतलं नाहीस.

बाकी भेटीत.
तुझी आक्का (खाली अंगठा आहे, तो माझाच)

ता. क. नाव माझं आहे. गुडघ्यांना तेल चोळून घेताना टाकीचं तूच मला ऐटीत सांगितलंस. शाळेतल्या पोरी रोज बाटल्या भरायला माझ्या दारी येतात रे, मला राहवलं नाही, नातवाला सांगून टाकलं. आता नाव मिळालं, शब्द पाळ. (नात लिहायची थांबली होती. तिलाही आत्ताच कळलं.)

ता. क. दुसरं. नाव मी तुला सांगितलं, हे नातवाला कळू देऊ नकोस. आजीला आपण वाचवलं, असं वाटू दे त्याला.

ता. क. शेवटचं. टाकी हलव आणि रविवारी ये. तेल कोमट करून ठेवते. तोंड मात्र जपून उघड.