सेंटरच्या यादीत नाव नव्हतं

३ नोव्हेंबर, सोम.
सकाळ लॉगिनमध्येच गेली. पासवर्ड, मग फोनवर कोड, कोड टाकेपर्यंत पानाची मुदत संपलेली. पुन्हा पासवर्ड. जुना सर्व्हर ऑफिसच्या मागच्या खोलीत होता तेव्हा निदान उठून जाऊन बघता यायचं. तापलाय, पंखा ओरडतोय, काहीतरी कळायचं. आता आम्ही सांभाळतो तो डायलिसिस सेंटरांच्या पेशंटच्या वेळांचा सगळा डेटाबेस क्लाउडवर, आणि मी सेक्टर १७ मध्ये ब्राउझरच्या एका टॅबसमोर बसलेली.

भल्ला सर मात्र खूश. मालक तेच, मॅनेजर तेच. "मंजिरी जी, अब तो मोबाइल पे भी दिखता है. सब ग्रीन." नव्या टूलच्या पहिल्या पानावर एक हिरवा ठिपका आहे, सगळं ठीक असल्याचा. ते त्यापुढे जात नाहीत.

दुपारी मनीमाजऱ्याच्या सेंटरमधून सरबजीत सिस्टरचा फोन. गुरुपर्वाच्या सुट्टीमुळे पेशंटच्या वेळा बदलल्यात, त्या तिच्या यादीत दिसत नाहीत. माझ्याकडे नीट दिसत होत्या. म्हटलं, "एक बार रिफ्रेश कर लीजिए, सिस्टर." हे वाक्य मला कोणी ऐकवलं की डोकं फिरतं, आणि मीच...

५ नोव्हें., बुध.
गुरुपर्व. ऑफिस बंद. समीरची एअर फोर्स स्टेशनवर ड्यूटी, म्हणून मी आणि इरा, मायलेकीच गुरुद्वाऱ्यात गेलो. लंगरमधली डाळ माझ्या हातच्या आमटीपेक्षा बरी, असं इराचं मत. हिंदीत. मराठीत विचारलं की हिंदीतच उत्तर येतं, आता मी नाद सोडलाय. पंगतीत बसूनही माझं लक्ष फोनकडे. "मम्मा, रख दो ना." ठेवला. ठिपका हिरवाच होता.

६ नोव्हें., गुरु.


कुलवंत सिंगजी. निवृत्त संगीत शिक्षक, मनीमाजऱ्याचे जुने पेशंट. त्यांची मंगळवारची वेळ बदलून बुधवारी दिली होती. तसा मेसेज त्यांच्या फोनवर गेला, सेंटर सुट्टीलाही चालू असतं, ते बुधवारी पोचले. सेंटरच्या यादीत मात्र ते मंगळवारीच, 'गैरहजर'. बुधवारच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या. सिस्टरने आमच्या ऑफिसला फोन लावला, सुट्टी, कोणी उचलला नाही. दुपारभर बसवून घेतलं आणि मग उद्या सकाळी सगळ्यात आधी तुमचंच घेते म्हणून घरी पाठवलं. सकाळ व्हायच्या आत त्यांना श्वास घेता येईना. आता आयसीयूत आहेत.

भ. सरांनी ठिपका पाहिला. "अपनी तरफ से तो सब ठीक है."

७ नोव्हें., शुक्र.
दिवसभर त्या टूलमध्ये खोदत होते. काय शोधायचंय ते आधीच माहीत असेल तरच सापडतं, अशी त्याची रचना.

आपला डेटाबेस एक नाही, दोन आहेत. एक मूळ, एक त्याची प्रत. मेसेज मूळ डेटाबेसवरून जातात, सेंटरच्या याद्या प्रतीवरून दिसतात, म्हणजे मूळवर भार पडत नाही. टूल उघडलं की मूळच समोर येतो, हिरवा ठिपकाही त्याचाच, मीही रोज तोच बघत होते. प्रतीचा आलेख तीन मेनूंच्या आत. वेळही परदेशातली, प्रत्येक आकड्यात साडेपाच तास मिळवत बसायचं. मिळवले. प्रत गेल्या शनिवारपासून अडकलेली. मूळमध्ये होणारा एकही बदल तिच्यात उतरत नव्हता.

धोक्याचा इशारा लावलेला होता. तो वाजलाही होता, रोज. पण मेल जात होते विकासच्या पत्त्यावर. विकास उन्हाळ्यातच नोकरी सोडून गेला.

आणि अडकली कशामुळे? एक भलामोठा रिपोर्ट तिच्यावर चालूच होता, संपतच नव्हता, आणि तो संपेपर्यंत नवे बदल आत येत नाहीत. चालवणाऱ्याचं नाव: भल्ला. नव्या सेंटरवाल्यांना दाखवायला सरांनी शनिवारी त्यांच्या लॅपटॉपवरून सुरू केला, झाकण मिटलं आणि घरी गेले.

रिपोर्ट थांबवला. टूलने विचारलं, नक्की थांबवायचं का? होय म्हटलं तर पान गोल गोल फिरत राहिलं, मग पुन्हा लॉगिन. शेवटी थांबला. थोड्या वेळात याद्या जुळल्या. इतकं साधं होतं. सोमवारीच केलं असतं तर...

सरांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग, "अब ठीक हो गया ना?"

१० नोव्हें., सोम.
सरांनी सेंटरच्या डॉ. आहुजांना मेल पाठवलाय. मला कॉपी. आमची सिस्टीम पूर्ण काळ व्यवस्थित होती, सेंटरमधल्या कर्मचाऱ्याने यादी अपडेट करून पाहिली नाही. सोबत हिरव्या ठिपक्याचा स्क्रीनशॉट.

संध्याकाळी कळलं, सरबजीत सिस्टरला कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय.

जेवले नाही. समीरला वाटलं बरं नाही.

११ नोव्हें., मंगळ.
मनीमाजऱ्याला गेले. बाजारामागच्या गल्लीत, शिवणाच्या दुकानावर सिस्टरचं घर. मला वाटलं होतं, दार लावून घेईल. तिने चहा टाकला.

"मैंने रिफ्रेश किया था, दीदी. आपने बोला था ना. करती रही."

माहीत आहे, म्हटलं. आणखी काय म्हणणार. ती कुलवंतजींना आदल्या दिवशी बघून आली होती. आयसीयूतून वॉर्डात आणलंय, बोलतात, पण हाताला कंप सुटलाय. हार्मोनियमचं विचारत होते म्हणे. हे सांगताना तिचे डोळे भरले, स्वतःच्या नोकरीचं सांगताना नव्हते भरले.

निघताना जिन्यात तिने विचारलं, "आपके कंप्यूटर में तो सब लिखा होगा ना?"

हो म्हटलं.

१२ नोव्हें., बुध.
लिहिलेलं आहे, पण राहणार नाही. आपल्या प्लॅनमध्ये आलेख दोन आठवडेच टिकतात, पुढचे आपोआप पुसले जातात. आज कळलं, मदतीच्या पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात. मदतीच्या चॅटला विचारलं, जतन कसे करायचे? त्याने मला मदतीच्या त्याच पानाची लिंक दिली आणि विचारलं, हे उत्तर उपयोगी पडलं का.

डाउनलोड केलं तर फाइल कोरी. पुन्हा केलं, लॉगआउट. शेवटी फोनने स्क्रीनचेच फोटो काढले. वाकडे, काचेत माझा चेहरा उमटलेला, पण आकडे वाचता येतात. रिपोर्टचं, प्रतीचं, विकासला गेलेल्या मेलचं, सगळ्याचे.

समीर म्हणाला, "आपली इथली पोस्टिंग उन्हाळ्यापर्यंत. तुला तसंही नवीन काम शोधायचंच आहे." मग थोडं थांबून, "ती मात्र इथलीच आहे."

एवढंच म्हणाला. पुढचं माझ्यावर.

१४ नोव्हें., शुक्र.
सरांशी समोरासमोर बोलले. मेल तुम्हीच दुरुस्त करा, तुमच्या नावाने, असं म्हटलं.

ओरडतील असं वाटलं होतं. नाही ओरडले. खुर्चीत मागे टेकले. "मंजिरी जी, ये कॉन्ट्रैक्ट गया तो दफ्तर बंद. आप तो चली जाओगी, बाकी लोग कहाँ जाएँगे?"

मी म्हटलं, "और सरबजीत कहाँ जाएगी?"

त्यांनी समोरचा लॅपटॉप मिटला. "मंडे तक सोचने दो."

माणूस वाईट नाही. आईला स्वतः डायलिसिसला घेऊन जायचे, शेजारी बसायचे, त्यातूनच ही कंपनी काढली. म्हणूनच जास्त राग येतो.

१७ नोव्हें., सोम.
सर आलेच नाहीत. दिल्लीला गेलेत, कधी येणार कोणालाच माहीत नाही. फोन केला, वाजून बंद झाला. मेसेज केला, दोन निळ्या खुणा, उत्तर नाही.

शनिवार आणि रविवार मी वाट बघितली होती. आणखी नाही.

डॉ. आहुजांना मेल लिहिला. हिंदीत लिहिला, इंग्रजीत लिहिला, पुन्हा साधा करून लिहिला. प्रत म्हणजे काय, ती कधीपासून अडकली होती, का अडकली. सिस्टरने सोमवारी फोन केला होता आणि मी तिला रिफ्रेश करायला सांगून सोडून दिलं, हेही. तिने यादी वेळोवेळी बघितली, तिला दिसणारच नव्हतं. फोटो जोडले. खाली माझं नाव. कॉपी सरांना.

पाठवला आणि डबा उघडला.

जेवणानंतर टूल उघडलं तर आत शिरता येईना. हे पान पाहण्याची आपल्याला परवानगी नाही, प्रशासकाशी संपर्क साधा. प्रशासक मीच होते. टेबल आवरलं. शेजारच्या टेबलावरच्या अमनने पिशवी धरली.

१८ नोव्हें., मंगळ.
घरी. इराला शाळेत सोडलं, परत आले, काय करायचं ते सुचेना. भांडी घासली. सरांचा मेल नाही, फोन नाही. काढलं का तेही सांगितलेलं नाही.

दुपारी सरबजीतचा फोन. डॉ. आहुजांनी उद्या सकाळी बोलावलंय. कशासाठी ते सांगितलं नाही, फक्त, येऊन भेटा. आवाजावरून काही कळलं नाही म्हणाली.

"आपने कुछ भेजा है क्या, दीदी?"

हो, म्हटलं.

मागे शिवणाच्या मशीनचा आवाज येत होता. मग तिने हळूच विचारलं, "तो क्या पहन के जाऊँ? यूनिफ़ॉर्म, या सादे कपड़े?"

मला काय माहीत. विचार करत बसले, तिकडे ती थांबलेली.

शेवटी म्हटलं, यूनिफ़ॉर्म.