शोभाताईंची झडती

बँकॉक, बुधवार संध्याकाळ

आज मी एका निरपराध बाईची झडती घेतली, म्हणून लिहायला बसले.

दुपारी हॉटेलवर आलो, तर पर्समधून बँकेची दोन्ही कार्डं गायब. खोलीत माझ्याबरोबर बेंबळीच्या शोभाताई. शिवणकाम करून मुलीला शिकवलं, त्याच मुलीनं त्यांना या सहलीला पाठवलं. आणि मी कळंबची निवृत्त शिक्षिका. वर्गात चोरी झाली की आधी दप्तरं तपासायची, हीच सवय.

"पिशवी रिकामी करा," म्हणाले.

त्यांनी सगळं पलंगावर मांडलं. कडक भाकऱ्यांचा डबासुद्धा मी उघडायला लावला.

"भाकरीत घालून कार्ड भाजलं आसंल व्हय, मॅडम?" त्या हसल्या. मी हसले नाही. मग त्यांनी डब्याला झाकण लावलं.

सकाळी त्याच डब्यातली भाकरी मी खाल्ली होती.

त्यानंतर बँकेला फोन केला. खरं तर तोच आधी करायचा. साडेअकराला बाजारातल्या एका दुकानात माझं कार्ड चाललं होतं. साडेअकराला आम्ही दोघी होडीत होतो आणि भीतीनं मी शोभाताईंचाच हात धरला होता. त्याआधी बाजारातल्या गर्दीत पर्सची चेन उघडी राहिली असणार. माझीच चूक.

पण डबा कशाला उघडायला लावला मी? वर्गातही अशी किती दप्तरं...

आज दिलेलं: बँकेला कार्डांचे नंबर, पोलिसांना तक्रार अर्ज. शोभाताईंना माफीची चिठ्ठी, सहीसकट. त्यांनी ती वाचली, घडी घालून माझ्या हातात परत दिली. "तोंडानं म्हणा, मॅडम."

म्हणाले.