रिकाम्या गाडीचे हिसके

आबा, मी गाडी घेतली. तुम्ही असता तर रंग, काचा काही न बघता आधी खाली वाकून चासी बघितली असती आणि म्हणाला असता, "ही तं ट्रकच शे, वरतून कोट घाला शे." खरंच आहे ते. ट्रकसारखी लोखंडी चासी आणि तिच्यावर गुबगुबीत सीटांचा डबा. मेहरूणच्या आमच्या गल्लीत ती वळता वळत नाही, शेजारी नाकं मुरडतात. पण चोपड्याच्या पुढे मावशीच्या गावाला जाताना नाल्यातल्या दगडगोट्यांवरून जावं लागतं, आणि आधीच्या छोट्या गाडीचं पोट तिथे घासून निघालं होतं. मावशीने, म्हणजे आईच्या अक्काने, आता अंथरूण धरलंय, आणि पाठीच्या ऑपरेशननंतर आईला एसटी बंद झाली. दोघी बहिणी रोज फोनवर एकमेकींना 'तू ये, तू ये' म्हणतात आणि रडतात. म्हणून हे धूड दारात आलं.

पहिल्या खेपेला आम्ही दोघीच निघालो. आई हट्टाने पुढे बसली, मालकिणीच्या थाटात. डांबरी रस्ता संपला आणि गाडीच्या मागच्या अंगाने उड्या मारायला सुरुवात केली. दर खड्ड्याला एक हिसका, आणि तो थेट आईच्या कमरेत. तिने वरची मूठ घट्ट धरली, ओठ दाबले. नाल्याच्या अलीकडे म्हणाली, "गाडी फिराव. अक्काले सांग, मी नही येस." मी इंजिन बंद केलं. गाडी विकणाऱ्यावर चिडले, रस्त्यावर चिडले, आणि खरं सांगते, तुम्ही नाहीत म्हणून तुमच्यावरही चिडले.

आणि मग तुमची काळी-पिवळी जीप आठवली. चोपड्याच्या स्टँडवर आतले लोक ओरडताहेत, "आबा, चला ना आते!" आणि तुम्ही टपरीवर बशीत चहा ओतून निवांत. "भरू दे. रिकामी गाडी हाडं मोडस. भरनी का पायनासारखी हालस." हा पायना, म्हणजे पाळणा, लोकांना काही पटत नसे. लोभी माणूस, म्हणायचे. आपला बाप लोभी, असं मलाही वाटे. पण संध्याकाळी घरी येताना, भाड्याचा प्रश्नच नसताना, तुम्ही मोळ्या घेऊन चाललेल्या बायकांना हाका मारून बसवायचात. पैसे द्यायला लागल्या की म्हणायचात, माझ्या स्प्रिंगच्या पाट्यांवर उपकार करा, बसा. आणि मी मागच्या टोकाला बसले की खेकसायचात, "चाकवर काय बसनी? मधमा सरक!"

मी आईला उठवून मधल्या सीटवर बसवलं. बाजारचा दिवस होता. गावाकडे परतणाऱ्या बायका दिसल्या तशी गाडी थांबवली. त्यांनी संशयाने विचारलं, "कितला लेशी?" म्हटलं, काही नाही, गाडी जड करायची आहे. हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. मग पिशव्या, मिरच्यांचं गाठोडं आणि एक कोंबडी, सगळं बठ्ठं आत आलं. गाडी मागून खाली बसली आणि नाल्यात उतरली ती अगदी सावकाश, डुलत. हिसका गेला होता, आबा. त्यात एक बाई आईच्या माहेरच्या गल्लीतली निघाली, मग काय विचारता. पलीकडे चढून आल्यावर आई मागून विचारते, "नाला गया का?"

मावशीच्या खाटेवर आईही आडवी झाली, कारण तिला फार वेळ बसवत नाही. दोघी म्हाताऱ्या छताकडे बघत एकमेकींना रागवत होत्या, गोळ्या घेत नाही म्हणून, बारीक झालीस म्हणून. मी दारात उभी राहून बघत होते. तुमची फार आठवण आली.

परतताना मात्र आमच्या बाजूला येणारं कोणी भेटलं नाही. आईने पदर दातात धरला. नंतर दोन दिवस अंथरुणातच होती, तरी पुढच्या महिन्यात परत जायचं म्हणते. दर वेळी बाजारचा दिवस कुठून आणणार? मेकॅनिक म्हणाला, मागे नरम स्प्रिंगा टाकू, चांगले शॉकअप टाकू. गाडी भरली तर जरा खाली बसेल, पण तुम्ही दोघीच असता ना? हो म्हटलं. आम्ही दोघीच असतो.

उद्या सकाळी गाडी त्याच्याकडे टाकायची आहे. आईसाठी ते करायलाच हवं, त्यात दुसरा विचार नाही. पण आज दुपारी तिला गोळी देऊन, टायरची हवा बघून येते म्हणाले आणि गिरणेकडच्या कच्च्या रस्त्याला लागले. एकटीच, रिकामी गाडी घेऊन. एकदा गेले, परत आले, पुन्हा गेले. हाडं खिळखिळी झाली. पण तुमच्या सकाळच्या पहिल्या खेपेला, स्टँडवर पोचेपर्यंत, रिकाम्या गाडीत आपण दोघंच असायचो ना, अगदी तसं वाटत होतं. हवा बघायला इतका वेळ कसा लागला, असं आईने विचारलं. रांग होती, म्हटलं.