आडवी ठेवलेली बाटली

आपली वाडी, काष्टीजवळ
कार्तिक वद्य पंचमी
(तुमच्या ग्रीक बेटावरच्या पंचांगात रविवार, ९ नोव्हेंबर २०२५)

चि. सौ. निकितास,

गोरक्षमामाचे आशीर्वाद. दोन पाठवतो आहे. एक तुला, आणि एक तुझ्या पोटात राहून तुलाच लाथा मारणाऱ्याला.

इकडे सर्व क्षेम. कांदा लागला आहे, तुझे वडील रोज सकाळी आभाळाकडे आणि संध्याकाळी बाजारभावाकडे बघतात, आणि दोन्हींकडे बघून सारखंच तोंड करतात. माझ्या संगमनेरच्या कॉलेजात संस्कृतला यंदा बऱ्यापैकी मुलं आहेत, त्यांतली काही तर स्वतःच्या इच्छेने आलेली आहेत.

तुझा प्रश्न लक्षात आहे. "बाळंतपणाला आई येणार का, मामा? एका शब्दात सांग." बाई गं, एका शब्दात सांगायला मी सूत्रकार नाही, मास्तर आहे. आधी भाष्य, मग सूत्र. तू पत्राचं शेवटचं पान आधी वाचणार हे मला माहीत आहे, लहानपणी गोष्टीच्या पुस्तकांचंही तू तेच करायचीस. तरी विनंती की ह्या वेळी ओळीने वाच.

पत्र तुझ्या नवऱ्याच्या हाती देतो आहे. व्हॉट्सअ‍ॅप नको, कारण मी खाजगी म्हणून लिहिलेलं नेमकं घरच्या ग्रुपवर जातं. इग्नातिसला देवनागरी वाचता येत नाही, तेव्हा त्याच्याविषयीही मोकळेपणाने लिहितो. मुलगा चांगला आहे. फक्त त्याचं मराठी तू फोनवर आईशी बोलतेस ते ऐकून तयार झालेलं दिसतं. घरात पाऊल टाकताच तुझ्या वडिलांना म्हणाला, "अगं बाबा, बरी आहेस का?" दाजी "बरी आहे" म्हणून मोकळे झाले.

बापलेक गुरुवारी आले. तुझे सासरे स्त्रातिसराव (राव मी लावला, त्यांना आवडला) म्हणाले, नातवंडाच्या जन्माचं आमंत्रण फोनवर देत नाहीत, दारात येऊन देतात. इथवर सगळं आपल्यासारखंच. मग त्यांनी पिशवीत हात घातला.

आता थोडं मागे जातो, कारण तू तेव्हा तिकडे शिकत होतीस. गावात बाटलीचं मतदान झालं ते फक्त बायकांचं. कागदावर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. तुझी आई, म्हणजे आमची अक्का, आणि शेजारची बायडाबाई दारोदार हिंडल्या, ऊसतोडीला गेलेल्या बायकांना टेम्पोने परत आणलं, आणि बाटली आडवी झाली. तेव्हापासून तुझ्या आईला पंचक्रोशी ओळखते. अशा बाईच्या लेकीने लग्न करावं ते दारू गाळणाऱ्याच्या मुलाशी! तुमच्या बेटावर ती परवान्याची लहानशी, तांब्याच्या भांड्याची, पिढीजात भट्टी असेल. अक्काच्या कानाला 'भट्टी' एवढंच ऐकू आलं. लग्नाला ती का आली नाही ते तुला ठाऊक आहे. "दारू गाळनाऱ्याच्या घरात मी पानी पिनार न्हाई," हे तिचं वाक्य. माझ्या माहितीप्रमाणे तू ते ऐकलेलं नाहीस. आता ऐकलंस.

तर स्त्रातिसरावांनी पिशवीतून बाटली काढली. बुचाला सुतळी बांधलेली, आत पाण्यासारखं स्वच्छ. ऊझो, त्यांच्याच भट्टीतला. ती बाटली त्यांनी दाजींना दिली नाही. दोन्ही हातांनी, मान लववून, अक्काच्या हातात दिली. त्यांच्या घरची रीत अशी की बाटली घरधनिणीकडे द्यायची. कुणाला, कधी, किती हे तिने ठरवायचं.

परदेशी व्याही बघायला बायडाबाई आधीच येऊन बसली होती. ती म्हणाली, "मालनबाई, ह्ये काय वं? उभी बाटली शिरली की घरात!"

"उभी कशानं ऱ्हाती?" अक्का म्हणाली. पाहुण्याची वस्तू फेकायची नसते एवढं तिला कळतं. ती आत गेली आणि तिने बाटली कपाटात साड्यांवर आडवी करून ठेवली.

निकिता, लाकडी बुचाची अशी बाटली आडवी ठेवत नाहीत हे मला माहीत नव्हतं. आमच्या शास्त्रकारांनी सुरेचे प्रकार सांगितले आहेत, गुळाची, पिठाची, मोहाची. प्रायश्चित्तंही सविस्तर सांगितली आहेत. ठेवायची कशी, ह्यावर मात्र अवाक्षर नाही.

शुक्रवारी सकाळी घरभर बडीशेपेचा वास. कपाट उघडलं तर बाटली जेमतेम अर्धी. अक्काच्या दोन साड्या, ती डाळिंबी आणि तू पहिल्या पगारातून घेतलेली मोरपंखी, ओल्याचिंब. आता ज्वालामुखी होणार म्हणून मी दाराशी उभा राहिलो. अक्काने मोरपंखीचा पदर नाकाशी धरला. मग परत धरला. साड्या घेऊन मागच्या दोरीवर वाळत टाकल्या, बस्स.

दुपारी जेवणाआधी पडवीत बसलो होतो. स्त्रातिसरावांनी अर्धी बाटली पाहिली, मोठ्याने हसले आणि काहीतरी विचारलं. इग्नातिसने भाषांतर केलं, "अगं आई, रात्री कोण प्यायली?"

"माझ्या साड्या," अक्का म्हणाली.

हे ग्रीकमध्ये गेल्यावर व्याही इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी विचारलं, आडवी का ठेवली? मी मतदान, दोन चित्रं, बायडाबाई, टेम्पो असं सगळं सांगितलं. मला वाटलं, हा गृहस्थ आता दुखावणार. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग इग्नातिसला हळू काहीतरी म्हणाले. तो भाषांतर करेना. बापाने परत सांगितलं तेव्हा म्हणाला, "बाबा विचारतात, तुमच्यातलं कोण गेलं?"

मी कागदाकडे बघत बसलो आहे, कारण हे मला लिहायचं नव्हतं. तुला धाकटा मामा होता, अंगद. ह्याच घरी राहायचा, दाजींबरोबर शेत करायचा. तुला सांगितलं की काविळीने गेला. कावीळ खरी. ती कशाने झाली, हे तुझ्यासमोरच काय, आम्ही एकमेकांतही कधी बोललो नाही. त्याचं नाव अक्काच्या तोंडून मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

"माझा भाऊ," अक्का म्हणाली. "अंगद."

स्त्रातिसरावांनी ते नाव म्हणून पाहिलं. "आंगाद." मग त्यांनी मुलाला काही बजावलं, आणि इग्नातिसने सांगितलं, एकेक शब्द शोधत, "आई, आमच्याकडे ताट नाही, तर ऊझो नाही. एकटा माणूस, ऊझो नाही. उभा माणूस, ऊझो नाही. आधी ताट. बाबा सांगतात, ताटाशिवाय पेला देतो तो माणसाचा वैरी."

"मग आमच्या गावातले समदे नापास," दाजी म्हणाले. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. बांधाच्या आडोशाला, उभ्याने, रिकाम्या पोटी, औषध गिळल्यासारखं एका घोटात, आणि वर तोंड पुसून 'मी नाही त्यातला'.

अक्का मात्र हसली नाही. म्हणाली, "बसून प्यालं म्हंजे काय पुन्य लागतं व्हय?" आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, "मी त्याला ताट देत न्हवते. पिऊन आला की चुलीवरचं झाकून ठिवायची. म्हनायची, शुद्धीवर ये, मग जेव. त्यो तसाच निजायचा."

इग्नातिसने हे कसं सांगितलं बापाला, मला माहीत नाही. पण सांगितलं, कारण व्याह्यांनी मान खाली घातली.

मग त्यांनी तीन लहान पेल्यांत बोटभर ऊझो ओतला, वर तांब्यातलं पाणी. तू रोज बघत असशील, मी पहिल्यांदाच पाहिलं, स्वच्छ पाण्यात स्वच्छ पाणी घातलं आणि धारोष्ण दुधासारखं पांढरं झालं! दाजी दूधवाल्याच्या नजरेने बघत राहिले. फॅट किती लागेल ह्याचाच अंदाज घेत असावेत. इग्नातिसने सवयीने आपला पेला माझ्या पेल्यावर वाजवायला पुढे केला. बापाने त्याचं मनगट धरलं. गेलेल्या माणसासाठी घेताना पेले वाजवत नाहीत. त्यांनी पहिले चार थेंब पडवीच्या कडेला मातीत सोडले, नाव घेतलं आणि पेला तसाच हातात धरून थांबले. ताट नव्हतं ना.

अक्का उठली.

आत भांड्यांचा आवाज झाला. भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, काकडी. ताटं आणून मांडली. आणि मग, निकिता, तुझी आई, जी पुरुषांची पंगत उठल्याशिवाय कधी घास घेत नाही, ती आपलं ताट घेऊन दाजींच्या शेजारी बसली.

"खा," म्हणाली. "ताट हाय."

कुणाला म्हणाली ते मी विचारलं नाही.

तिने पेल्याला हात लावला नाही, लावणारही नाही, आणि तो लावावा असं कुणी म्हटलंही नाही. मी चमचाभर घेतला. बडीशेपेची सुरा शास्त्रात निषिद्ध म्हणून नोंदलेली नाही, हा माझा बचाव. चव विचारशील तर खोकल्याच्या औषधाचा श्रीमंत चुलतभाऊ.

शनिवारी अक्का काष्टीच्या बाजारात गेली. बरोबर बायडाबाई, पिशव्या धरायला मी. डिंक घेतला, हळीव घेतले, खारीक घेतली. बाळंतशेपेच्या दुकानाशी मूठभर घेऊन वास घेत उभी राहिली, बराच वेळ. दुकानदार म्हणाला, "मावशी, ताजी हाय." अक्का म्हणाली, "ठाऊक हाय. घरात त्योच वास सुटलाय." तेव्हा मला कळलं, शुक्रवारी पदर नाकाशी धरून ती काय हुंगत होती. अंगदच्या शर्टाला यायचा तो वास नव्हता हा. बाळंतिणीच्या खोलीचा होता.

बायडाबाई सोडते थोडीच! येताना टेम्पोत सगळ्यांदेखत म्हणाली, "आता भट्टीवाल्याच्या दारी जानार व्हय, मालनबाई? गावाला काय सांगू?"

"सांग, बघून येती म्हनावं. ताटाबिगर पेला देत असले, तर तितंबी आडवी करीन."

टेम्पोतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या बेटावरच्या लोकांना वेळेवर सावध कर.

तिची अट एकच आहे. भट्टी घराला लागून आहे की लांब, असं तिने व्याह्यांना विचारलं. त्यांनी हात लांब करून, मधे ऑलिव्हचं शेत आहे, असं दाखवलं. अक्काने डोळ्यांनीच ते शेत मोजलं आणि मान हलवली. पासपोर्ट तुझ्या लग्नाच्या वेळी काढलेला आहे. तेव्हा वापरला नाही, पण टाकलाही नव्हता. धान्याच्या डब्यात सापडला.

उरलेली अर्धी बाटली कपाटावर आहे. उभी. मी भुवई उंचावली तर म्हणाली, "सांडती म्हनून."

भाष्य संपलं, आता सूत्र. आज सकाळी दोरीवरच्या त्या दोन साड्या वाळल्या. मी म्हटलं, धुवायला टाकू का? अक्काने त्या माझ्या हातातून घेतल्या, घडी घातली आणि तशाच, न धुता, तुझ्याकडे यायच्या बॅगेत अगदी वर ठेवल्या.

तुझ्या दोन मामांपैकी
पत्र लिहिणारा,
गोरक्ष