चांदरीच्या रवंथाचं टाइमटेबल

१२ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ७.२०
बायको, डाही, हिंमतनगरच्या गाडीने गेली. ७.०५ची गाडी, सुटली ७.१०ला. माझ्या वेळी हे चाललं नसतं.
तिकडे आमच्या लेकीला, अल्पाला, काल मुलगी झाली. तिला सासू नाही, घरात दुसरी बाई नाही, म्हणून आई सव्वा महिना तिकडे. म्हणजे आमची म्हैस चांदरी सव्वा महिना माझ्या ताब्यात. ती नीट राहिली तर डाही तिकडे राहू शकेल. नाहीतर लवकर परतावं लागेल. 'नाहीतर'चा प्रश्नच नाही. एकतीस वर्षं एसटी डेपोत कंट्रोलर होतो, रोज दोनशे बारा गाड्या सोडल्या. एक म्हैस म्हणजे काय!
जाताना सूचना: वेळेवर चारा, वेळेवर पाणी, दूध शेजारच्या मोंघीबेन काढतील. "बाकी तुम्ही काहीही करू नका." हे तीनदा सांगितलं. बाईमाणसाचा जीव हळवा असतो.

१३ जानेवारी. दुपारी ४.०५
दोन ते चार चांदरीसमोर खुर्ची टाकून निरीक्षण केलं. रवंथ: शून्य. दोन तास नुसती माझ्याकडे बघत होती.
दूध संघाच्या शिबिरात डॉक्टर म्हणाले होते, निरोगी जनावर दिवसाला सात-आठ तास रवंथ करतं, एकेक घास चाळीस-पन्नास वेळा चावतं. म्हणजे हिचं पचन साफ बिघडलंय. डाहीला वीस वर्षांत कळलं नाही, मला दुसऱ्या दिवशी कळलं.
उपाय त्याच शिबिरात सांगितला होता. वनस्पती. ओवा, बाळंतशेपा, हिरडा, मेथी. चाऱ्यात मिसळून द्यायचं, पचन सुधारतं. किती द्यायचं तेही सांगितलं असणार. तेव्हा मी चहाला गेलो होतो.

१४ जानेवारी, उत्तरायण
सगळं गाव गच्चीवर पतंग उडवतंय, मी ओट्यावर खलबत्ता घेऊन. मोंघीबेन गच्चीवरून ओरडल्या, "कंट्रोलरसाहेब, बाळंतीण हिंमतनगरला आहे! इकडे शेपा-ओवा कुणासाठी कुटताय?" सगळ्या गच्च्या हसल्या. मी कुटत राहिलो. उंधियोही कुणी पाठवला नाही. खिचडी खाल्ली.

१५ जानेवारी
सकाळचं दूध काढून झाल्यावर पहिला डोस, गुळात कालवून. चांदरीने गूळ चाटला, पूड ठेवली. परत गूळ घातला. परत गूळ चाटला.
दोन ते चार. रवंथ शून्य. माझी कंबर धरली.

१७ जानेवारी
मोंघीबेन म्हणतात, चांदरी मस्त रवंथ करते, रोज दुपारी एक वाजता, "तुम्ही आत घोरत असता तेव्हा." कुंपणावरून त्यांना दिसतं म्हणे.
अशी माहिती मी रजिस्टरला घेत नाही. गाडी मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय 'आली' असं कधी लिहिलं नाही.
तरी पडताळा घेतला. झोप मोडून एक वाजता खुर्ची टाकली. शून्य. मोंघीबेनचा रिपोर्ट खोटा.
उद्यापासून दुपारची झोप बंद. चांदरीसाठी एवढं केलंच पाहिजे.

२० जानेवारी. रात्री ८.००
डाहीचा फोन. म्हणाली, अल्पा बाळाला अंघोळ घालायलासुद्धा घाबरते, हात लावला तरी रडते, "मी आहे म्हणून निभतंय." मग विचारलं, चांदरी चारा घेते ना? म्हटलं, फर्स्ट क्लास. पुडीचं बोललो नाही. सरप्राइज ठेवलंय.

२३ जानेवारी
डोस दुप्पट केला. शेण पातळ. पोट साफ होतंय, चांगलं लक्षण.
खुर्ची आणखी जवळ घेतली, चार फुटांवर. चांदरी वळून पाठ करून उभी राहिली. खुर्ची उचलून पलीकडे नेली. ती परत वळली. असं पाच वेळा. आता वय झालं माझं.

२४ जानेवारी
ठरलं. लसूण आणि हिंग घातल्याशिवाय जोर येणार नाही. आणि दूध काढल्यावर नाही, तासभर आधी द्यायचं. रिकाम्या पोटी काम होतं. हे माझं मलाच सुचलं.

२५ जानेवारी, पोषी पूनम. दुपारी १२.३०
झालं ते क्रमाने लिहितो.
पहाटे ४.३०: डोस. सोललेला लसूण दोन मुठी, हिंगाची अख्खी डबी.
५.३०: मोंघीबेन दूध काढताना म्हणाल्या, कसला तरी वास येतोय. म्हटलं, माझ्या हातांना येतोय. खोटं नव्हतं.
पूनमेचं दूध गावात कुणी मंडळीत, म्हणजे दूध डेअरीत, घालत नाही, ते माताजीच्या नैवेद्याच्या खिरीला, दूधपाकाला जातं. मंडळीत सेक्रेटरी प्रत्येक कॅनमध्ये नाक घालतो. माताजीच्या नैवेद्याचा वास घेणं पाप, चाखायचं तर लांबच. त्यामुळे कुणी घेतला नाही. डाहीचा कॅन दरवेळी पहिला ओततात, आजही मानाने पहिला ओतला. बाकीचं दूध त्यावर.
११.००: आरती झाली. गावात सर्वांत मोठे पुंजाबापा, पहिली वाटी त्यांना. त्यांनी घोट घेतला, माताजीकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "दूधपाकाला फोडणी कुणी दिली?"
प्रसाद टाकता येत नाही. सगळ्या गावाने खाल्ला. पोरांनी नाक दाबून खाल्ला. मी दोन वाट्या घेतल्या.

२६ जानेवारी
शाळेत झेंडावंदनाला गेलो. पोरं मला 'फोडणीवाले काका' म्हणाली. गुरुजींनी पोरांना दटावलं आणि तोंड फिरवून हसले.
चांदरी गव्हाणीत तोंडच घालत नाही. नुसता चारा टाकला तरी हुंगते आणि मागे सरते. दूध सात लिटरवरून चार. तात्पुरता बिघाड. पूड पूर्ण बंद केली, म्हणजे काय फरक पडतो ते कळेल. हाही प्रयोगच.

२८ जानेवारी
दोन लिटर. ठाण मांडून चांदरीसमोर बसलो आहे. सकाळी सहापासून. म्हटलं, खा बाई. हात जोडले. खाल्लं नाही.
मोंघीबेनने मला न विचारता हिंमतनगरला फोन केला.

२९ जानेवारी, सोमवार
११.४०ची गाडी. नेमकी आज वेळेवर आली.
डाही आली ती पिशवी ओट्यावर टाकून सरळ गोठ्यात. राखेने गव्हाण घासली, तीन पाण्यांनी धुतली, उन्हात सुकवली. चांदरीच्या मानेखाली खाजवत राहिली.  दोन वाजता मी खुर्ची उचलली तेव्हा म्हणाली, "ती ठेवा खाली. तुम्ही जरा स्टँडवर जाऊन बसा."
म्हटलं, निरीक्षणाची वेळ आहे, पचनाचा प्रश्न आहे, रवंथ होत नाही.
म्हणाली, "अहो, तुमच्यासमोर कुणी खुर्ची टाकून दिवसभर तोंडाकडे बघत बसलं, तर तुमच्या घशाखाली घास उतरेल का?"
गेलो. पाच वाजता परत आलो. चांदरीने चारा खाल्ला आणि तासभर रवंथ केला म्हणे. मोंघीबेनने कुंपणावरून साक्ष दिली.

संध्याकाळी ७.३०
डाही फोनवर अल्पाला सांगत होती, पाणी कोपराने बघ, मानेखाली हात ठेव, घाबरू नको, रडू नको गं. पलीकडे अल्पाही रडत होती आणि बाळही. मी दाराबाहेर उभा. सव्वा महिन्यातले सतराच दिवस झाले. पोरीची आई मी ओढून आणली. वाईट वाटलं. इथे लिहून ठेवतो, फार वाईट वाटलं.
जेवताना म्हटलं, तू उद्या परत जा, मी चांदरीला हातही लावणार नाही, शपथ. डाहीने माझ्या ताटात रोटला वाढला. म्हणाली, "हात कुठे लावला होतात? नुसतं बघून केलंत एवढं." 

३० जानेवारी. दुपारी २.१०
स्टँडवर निघालो होतो. कोपऱ्यावर पाय अडखळला. गोठ्याच्या भिंतीमागे उभा राहिलो. बघणार नव्हतो, फक्त ऐकणार होतो. ऐकण्याला मनाई नाही.
आवाज येत होता. कचर कचर, एका लयीत. मी मोजायला लागलो. तीस. पस्तीस. एकोणचाळीस. डोळ्यांत पाणी आलं. चाळीस. एकेचाळीस.
शिंक आली.
आत एकदम शांत. मग डाहीचा आवाज, "आज स्टँडवर बसायला जागा मिळाली नाही वाटतं?"
गेलो.