हळदीच्या ट्रॉलीतली झोप

बाबा, तुम्ही झोपाळू नव्हता. हे मला नांदेडच्या एका डॉक्टरनं सांगितलं. म्हणजे बोलत होता तो माझ्याबद्दल, पण ऐकताना माझ्या डोळ्यापुढं तुम्हीच होता. झोपेत गळा आतून मिटतो, श्वास थांबतो, अंग घाबरून जागं होतं, पुन्हा झोपतं, पुन्हा गळा मिटतो. रात्रभर हेच चालतं आणि माणसाला सकाळी काही आठवत नाही. फक्त अंग फोडून काढल्यासारखं दुखतं आणि दिवसभर बसल्या जागी डोळे मिटतात. डॉक्टरनं विचारलं, घरात आणखी कुणाला असं व्हायचं का? मी म्हणालो, वडिलांना. आता कसे आहेत ते? मी म्हणालो, झोपेतच गेले. त्यानं मान खाली घातली आणि काहीतरी लिहायला लागला. मी तिथल्या खुर्चीत बसून रडलो बाबा. चाळिशी ओलांडलेला, मिशा पिकायला लागलेला माणूस परक्यासमोर रडला. त्याला वाटलं मी माझ्या आजाराला भ्यालो.

वसमतच्या बाजारातला एक दिवस माझ्या कायम डोळ्यापुढं असतो. तुम्ही कोकरं विकायला आणलीत, मी तुमच्या धोतराला धरून उभा आहे. गिऱ्हाईक कोकराचे दात बघतंय, भाव सांगतंय, आणि तुम्ही काठीवर हनुवटी टेकवून उभ्या उभ्या झोपलात. घोरताय सुद्धा. सगळा बाजार गोळा होतो. कुणीतरी तुमचं पागोटं उचलून कोकराच्या डोक्यावर ठेवतं. हशा होतो. मी तुम्हाला गदागदा हलवतो तेव्हा तुम्ही डोळे उघडता आणि गिऱ्हाइकाला शांतपणे म्हणता, "व्हय, बोला की, आयकून राहिलो." परतीच्या वाटेवर तुम्ही मला शेव-चिवडा घेऊन दिलात आणि हळूच विचारलंत, "लई घोरलो का रे?" त्या वयात मला एवढंच कळत होतं, की माझा बाप हसण्यावारी नेण्याचा माणूस आहे. खतासाठी मेंढ्या शेतात बसवायला शेतकरी दुसऱ्या धनगराला बोलवायचे, तुम्हाला नाही. लांडगं येऊन कोकरू घेऊन गेलं तरी हा उठत नाही, असं ते म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

कळपाला आणि तुम्हाला, दोघांनाही राखायची आई. मला आठवतं ते असं, की ती तुमच्या शेजारी कुशीवर पडलेली असायची, एक हात तुमच्या छातीवर. घोरणं थांबलं की तिचा हात हलायचा. कोपर मारायची, ढोसायची, कधी कधी चिमटा काढायची. तुम्ही हुंदका दिल्यासारखा श्वास घ्यायचात आणि पुन्हा घोरायला लागायचात. तिला कुठल्या डॉक्टरनं काही सांगितलं नव्हतं. आवाज बंद झाला की तिला भीती वाटायची, एवढंच. मग डोंगरकडा गावाच्या शिवारात आपला कळप बसला होता तेव्हा तिला ताप आला. दिवसभर अंगात ताप घेऊन ती चालली आणि पडली ती सकाळीच उठली. तिचा हात तुमच्या छातीवरच होता. माती द्यायला आलेल्या बायकांनी तिला विचारलं, "बाजूलाच व्हतीस नं बाई? तुला कळलं कसं न्हाई?" त्यांना काही वाईट म्हणायचं नव्हतं, बाया विचारतात तसं विचारलं. पण आई त्या प्रश्नातून उठली नाही. तुमच्यामागं पुष्कळ जगली, माझं लग्न केलं, सून आणली. पण पाठ टेकून झोपलेली मी तिला नंतर फारशी पाहिली नाही. भिंतीला टेकून बसायची आणि तशीच डुलकी काढायची.

मी मेंढ्या ठेवल्या नाहीत. आता आपल्याकडं सगळीकडं हळद आहे बाबा, तुम्ही ओळखणार नाही हा मुलूख. मी आणि माझा मेव्हणा, आम्ही दोघं हळद शिजवायचा कुकर चालवतो. ट्रॉलीवर बॉयलर आणि भोवती मोठे ड्रम. शेतातच कापसाची पऱ्हाटी जाळायची, वाफ करायची, काढलेले कंद शिजवून पाल्यावर ओतायचे आणि पुढच्या शेतात जायचं. हंगामात घराचं तोंड दिसत नाही. म्हणून दुसऱ्या एका ट्रॉलीवर पत्र्याची खोली करून घेतली. आत फळ्यांची बाज, कपड्यांची दोरी, पाण्याची टाकी. कुकर पहाटेपासून पेटतो आणि ऊन चढलं की आम्ही खोलीत शिरून झोपतो, संध्याकाळी पुन्हा काम. लोक त्या खोलीला बंगला म्हणतात. बापानं घोंगडीवर आयुष्य काढलं, पोरगा बंगल्यात फिरतोय, असं म्हणून मेव्हणा मला हसवतो.

डॉक्टरनं दिलेलं मशीन या बंगल्यात चालवायचं होतं. डब्याएवढं मशीन, त्याला नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. ते हवा आत ढकलत राहतं, म्हणजे गळा मिटत नाही. डॉक्टरनं बजावलं होतं, डोळा लागणार असेल तर मशीन हवंच, दुपार असो की रात्र. घरी ठीक आहे, भिंतीत बटण आहे. शेतात लाइट येते ती मोटारीपुरती, तीही पाळीपाळीनं, आणि आली तरी कधी दिवा मिणमिणतो, कधी फुटतो. म्हणून खोलीत एक वेगळी बॅटरी ठेवली, पत्र्यावर सोलरची पाटी टाकली आणि बॅटरीवरून थेट मशीनला वायर ओढली. हवा ओली करायला मशीनमध्ये पाण्याचं एक तापणारं भांडं असतं, तेच निम्मी बॅटरी पिऊन टाकतं. ते बंद ठेवायला शिकलो. नाक कोरडं पडून रक्त यायचं, तूप लावायचो. पण झोप! बाबा, झोप काय असते ते मला तेव्हा कळलं. उठलो की डोकं हलकं, हात हलके. बॉयलरच्या काट्याकडं बघताना डोळा लागायचा तो बंद झाला. तुम्हाला हे एक दिवस तरी मिळायला हवं होतं, असं मला रोज वाटायचं.

फाट्यावरच्या दुकानात त्या दिवशी फक्त लाल वायर होती, म्हणून दोन्ही वायरी लालच आणल्या होत्या. उलट्या लागू नयेत म्हणून मी प्लसला पिवळा दोरा बांधला आणि मायनसला पांढरा. शहाणपणा माझाच. हळदीच्या हंगामात आमच्याकडं पांढरं काय राहतं? भाकरी पिवळी, नखं पिवळी, मशीनची जाळीसुद्धा पिवळी. एका सकाळी ट्रॅक्टर सुरू होईना. शिजलेले ड्रम उतरवून पुढं जायचं होतं, शेतकरी खोळंबला होता. मेव्हण्यानं खोलीतली बॅटरी काढली, ट्रॅक्टर सुरू केला, बॅटरी परत आणून जोडली. दोन्ही दोरे पिवळे. त्यानं त्यातला जास्त पिवळा पाहून प्लस धरला, आणि हळद पिऊन जास्त पिवळा झाला होता तो पांढराच. मी दुपारी मास्क चढवून बटण दाबलं तर जळका वास आला, बोटभर धूर निघाला आणि सगळं बंद. मेव्हणा कपाळावर हात मारून खाली बसला. त्याला काय बोलू? मीसुद्धा तेच केलं असतं.

तो त्याच दिवशी मशीन घेऊन वारंगा फाट्यावरून नांदेडला गेला. दुकानवाला म्हणाला, मशीनच्या आतली सर्किटची पाटी जळली, पुण्याहून मागवावी लागेल, थांबा. मेव्हणा परत आला आणि म्हणाला, "दाजी, तुमी घरला जा. मी गडी लावून कुकर चालवतो."

"हळद काढून पडली लोकायची. माती करायची का तिची?"

"मंग झोपता कसं? तुमचं घोरनं बंद झालं की माझं काळीज बंद होतंय."

मी हळदीचंच कारण धरून बसलो. सगळ्यांना तेच सांगितलं. पण बाबा, हळदीला काय, दुसरा कुकरवाला एका फोनवर आला असता. घरी गेलो असतो तर माझी बायको माझ्या छातीवर हात ठेवून जागत बसली असती. आणि एखाद्या दिवशी तिला ताप आला असता, किंवा नुसती दमली असती, आणि मग बायका आल्या असत्या आणि तिला तोच प्रश्न विचारला असता. व्हायचं ते इथं पत्र्याखाली होऊ दे, तिच्या बाजूला नको, असं मी मनात पक्कं केलं होतं. बसून झोपायचो, बाजेला पाठ लावून, आईसारखा. डोकं छातीवर पडलं की गुदमरून उठायचो. बॉयलरपाशी पुन्हा डोळे मिटायला लागले. एकदा मेव्हण्यानं मला ओढून बाजूला केलं नसतं तर वाफेनं हात गेला असता.

मेव्हण्यानं बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन केला असणार. ती शेळ्या शेजारणीच्या हवाली करून एसटीनं फाट्यावर उतरली आणि डोक्यावर बोचकं घेऊन शेतात आली. मी विचारलं, "काहून आलीस?"

"तुमी सांगनार होते का? भावानं सांगितलं." तिनं बोचकं खोलीत टाकलं. "आडवे व्हा."

"तू जागत बसशील."

"मंग काय नाचू? आडवे व्हा म्हणते ना."

मी आडवा झालो. ती बाजेच्या कडेला बसली आणि माझ्या छातीवर हात ठेवला. मधोमध नाही, जरा डावीकडं, बरगडीच्या खाली, बरोबर जिथं आई ठेवायची तिथं. मी दचकलो. म्हणालो, हे तुला कुणी दाखवलं?

"आत्याबाईनं. लगन झालं त्याच साली. म्हणल्या, पोरगं बापावर गेलं, आवाज बंद झाला की इथं ढोसायचं. त्याला सांगू नको, भिईल." मग पत्र्याकडं बघत म्हणाली, "मशीन आलं तवापासून मी झोपाय लागले होते."

इतकी वर्षं मी तिला सकाळी चिडून म्हणायचो, डोळे लाल का तुझे, रात्रभर काय टीव्ही बघतेस का? ती म्हणायची, व्हय. मी डोळे मिटले. बाहेर मेव्हणा ड्रमची झाकणं आपटत होता, पत्रा तापला होता, आणि मला अशी गाढ झोप लागली की संध्याकाळी हाक मारून उठवावं लागलं. ती तशीच बसलेली. पाय बधिर झाले म्हणून धरून खाली उतरवावं लागलं.

नंतर मशीन दुरुस्त होऊन आलं. वायरी बदलल्या, एक लाल, एक काळी. बॅटरी भरलेली असते, हवा नीट येते, डॉक्टरनं फोनवर मशीनवरचे आकडे विचारले आणि सगळं उत्तम आहे म्हणाला. मी तिला घरी जा म्हणालो, तर म्हणाली, हंगाम संपू दे, भाकरी कोण टाकील तुमची. आता दुपारी आम्ही दोघं खोलीत झोपतो आणि मेव्हणा झाडाखाली. मशीन सुरू असतं. तिचा या डब्यावरचा विश्वास मात्र त्या धुराबरोबर गेला तो गेलाच. माझा डोळा लागला असं वाटलं की तिचा हात येतो, बरगडीच्या खाली टेकतो आणि तिथंच राहतो.

हे लिहून मी कुठं पाठवणार? डोंगरकड्याच्या त्या शेतात आता केळी आहेत, तुमची जागासुद्धा मला नीट दाखवता येणार नाही. पण एक विचारायचं होतं, दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. आईचा हात तुमच्या छातीवर यायचा तेव्हा तुम्हाला कधी जाग असायची का? ती दमलीय, हिला झोप म्हणावं, असं कळूनही तुम्ही कधी डोळे मिटून पडून राहिलात का? कारण मी जागा असतो बाबा. तिचा हात येतो तेव्हा बहुतेक वेळा मी जागाच असतो. आणि तिला झोप म्हणत नाही.