आमच्या गल्लीचा क्रॅश डंप

१८ एप्रिल २०१६, सोमवार. उदगीर.
आजपासून रोज लिहायचं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्कल शाळेत वाटत न्हाईत.
गल्लीच्या हौदाच्या झाकणाला कुलूप, त्याची किल्ली माझ्या कमरेला. पाणी चोरीला जायला लागलं तवा सगळ्यांनी मिळून दिली. माझ्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत न्हाई. सून शांतम्मा म्हणली, दुसरी किल्ली करून घेऊ. न्हाई म्हणलं. एक हौद, एक किल्ली, एक माणूस. गुरुवारी टँकर. तो चुकला तर आठ दिवस तोंड कोरडं.
शेजारची नागुबाई म्हणते, उदगीर जिल्हा झाला की नळाला पाणी येईल. लातूर जिल्हा होऊन किती वर्षं झाली? तिथं आता रेल्वेनं पाणी आणायलेत.

१९ एप्रिल, मंगळवार, दुपारी.
नात सिंधु पुण्याहून आली, घरूनच कंपनीचं काम करते. कंपनीचं मोठं मशीन बंद पडलं. पडतानाचा त्याचा अख्खा फोटो हिच्याकडं आला, त्याला क्रॅश डंप म्हणतेत. त्या घडीला आतलं कोणतं काम काय करत होतं, ते त्यात दिसतं. कामाला प्रोसेस म्हणायचं. एक रनिंग, चालू. एक रेडी, तयार पण पाळी आली न्हाई. एक स्लीपिंग, कशाची तरी वाट बघत झोपलेली. एक झोंबी, म्हणजे मेलेली, पण तिच्या बापानं खबर घेतली न्हाई म्हणून यादीत नाव तसंच. हे लगेच कळलं. आमचे दीर महादेवप्पा कवाच गेले, रेशन कार्डावर अजून गहू खातेत.
सिंधुला सांगितलं, झोपलेल्यांना हाकल, मशीन चालंल. ती म्हणली, झोपणं गुन्हा न्हाई आज्जी, कशासाठी थांबल्या ते बघायचं. पोर हुशार हाय, पण अनुभव न्हाई.

२१ एप्रिल, गुरुवार, संध्याकाळी.
टँकर आला आणि गेला. हौद कोरडा.
मी जेवून, आतून कडी लावून, पंख्याखाली डोळे मिटून विचार करत होते. झोपले नव्हते. बाहेर आले तर टँकरवाला चंद्रप्पा दुसऱ्या गल्लीत पाणी ओतून मोकळा. सगळ्यांच्या रिकाम्या घागरी आणि तोंडं माझ्याकडं.
लगेच गल्लीचा डंप काढला. टँकर आला तवा कोण काय करत होतं, एकेकाची जबानी घेतली. चंद्रप्पा पाइप धरून उभा, म्हणजे रनिंग. नागुबाई घागरीवर बसलेली, म्हणजे स्लीपिंग, आळशी. शांतम्मा माझं दार बडवत होती, म्हणजे रनिंग, पण नको त्या जागी.
निकाल: दोषी चंद्रप्पा, पाइप त्याच्याच हातात. उद्या चारचौघात सांगणार.

२२ एप्रिल, शुक्रवार.
सकाळी हौदाजवळ सगळ्यांना बोलावलं. चंद्रप्पालाही. निकाल वाचला. चंद्रप्पा हौदाच्या कुलुपाकडं बघत राहिला.
सिंधुच्या मशीनचं दुखणं रात्री सापडलं होतं. म्हणली, ढीगभर कामं एका कुलुपासाठी अडलेली, ते एका वेळी एकाच कामाला मिळतं. चालू दिसणारं बिचारं फोटोत सापडलं एवढंच. ज्याच्याकडं कुलूप होतं ते स्वतःच झोपलं होतं.
म्हणलं, असल्याला फोडून काढावं.
तिनं हळूच विचारलं, "आज्जी, नागुबाईमावशी कशासाठी थांबल्या होत्या?"
झाकण उघडायसाठी, म्हणलं.
"आणि चंद्रप्पाकाका?"
झाकणासाठीच.
"मग आई तुझं दार कशाला बडवत होती?"
मी कमरेला हात लावला. तिथंच ठेवला.
नागुबाई म्हणली, "काकू, फोडून काढायचं राहू द्या. नुसती किल्ली सोडा."

२४ एप्रिल, रविवार.
शांतम्मानं हातापाया पडून चंद्रप्पाची एक जादा खेप मिळवली. झाकण तिनंच उघडलं. किल्ल्या आता तीन, तीन घरांत. आपलं घर त्यात हाय, पण किल्ली सुनेच्या पदराला.
मी घागर घेऊन रांगेत, नागुबाईच्या मागं. सिंधुला विचारलं, मी आता कशात मोडते? म्हणली, रेडी. तयार, पाळी आली की जायचं.
चांगलं दिसतंय पद.
कंबर लई हलकी लागायली.